मदत हवी आहे: घरासाठी रिव्हॉल्व्हर की पिस्टल? (ग्वाल्हेर)

लष्करवाला:
नमस्कार. परवा कलेक्टोरेटमध्ये हत्याराच्या लायसनचा फॉर्म द्यायचाय, म्हणून घाईत लिहितोय. घरासाठी .३२ रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्टल? बजेट दीड लाख. गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या, आणि आमच्या मागच्या अंगणातल्या पेरूची भिंतीकडची फांदी मोडलेली सापडली. दुनाली (दोन नळ्यांची बंदूक) सुचवू नका, ती लांब पडते, वाड्याच्या जिन्यात वळत नाही. दुसरं, हत्यार कुलपात ठेवायचं म्हणतात, मग रात्री पटकन हाती कसं येणार? 'कुत्रा पाळा' असं कृपया कुणी लिहू नये.

मुरारकर:
रिव्हॉल्व्हर. डोळे मिटून. पिस्टलला मॅगझिन, स्लाइड, सेफ्टी; सहा महिने कपाटात पडलेलं पिस्टल ऐन वेळी अडलं तर काय करणार? रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या, घोडा ओढला की झालं. कानपूरचं 'निर्भीक' बघा, २०१४ ला आलं, अर्धा किलोचं आहे. तेव्हाच किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, आता चौकशी करा.

फौजी काका:
हलकं रिव्हॉल्व्हर जास्त उडतं, हे कोण सांगणार? नवशिक्याच्या हातात अर्ध्या किलोचं हत्यार म्हणजे पहिली गोळी छताला. जुनं जड .३२ बरं. आणि जिन्याचं निमित्त सोडा. दुनालीचा नुसता आवाज ऐकून चोर पळतो.

मुरारकर:
काका, आवाजच हवा असेल तर दिवाळीचे सुतळी बॉम्ब स्वस्त पडतील.

दौलतगंज_कन्या:
घरात कोण कोण असतं? मुलं आहेत का? रात्री तुम्ही घरी असता का? हे न सांगता बोअर (नळीचं माप) काय विचारताय!

लष्करवाला:
आई, बायको, दोन मुलं (९ आणि ४). मी महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर असतो. म्हणून तर हवंय.

दौलतगंज_कन्या:
म्हणजे ज्या रात्री चोर यायचा त्या रात्री तुम्ही भोपाळच्या लॉजवर. लायसन ज्याच्या नावावर, हत्यार त्याचं. तुमच्या नावचं रिव्हॉल्व्हर वहिनींनी चालवलं तर आधी त्याच अडकतील. अर्ज त्यांच्या नावाने करा, नाहीतर हा विषयच सोडा. त्यांना विचारलंय का?

लष्करवाला:
विचारतो. पण मूळ प्रश्नाचं काय?

इंदूरी_जिरावन:
लायसन कशाला? एअरगन घ्या. .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन लागत नाही. मी इंदूरला गच्चीवर ठेवली आहे, माकडं येत नाहीत.

मुरारकर:
चोर म्हणजे माकड नव्हे. छर्रा लागला तर तो चिडेल, आणि त्याच्याकडे कट्टा (गावठी पिस्तूल) असेल.

संपादक:
कट्टा कुठे मिळतो, केवढ्याला, असले दोन प्रतिसाद उडवले आहेत. पुन्हा नको.

वकीलबाई:
कुलपाचं मी सांगते. अर्जासोबत हमीपत्र द्यावं लागतं की हत्यार बंदोबस्तात, कुलपात ठेवीन. वैद्यकीय दाखला आणि हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. उशीखाली ठेवायचं असेल तर हमीपत्र खोटं ठरतं, आणि घरात चार वर्षांचं मूल आहे. हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, किल्ली तुमच्याजवळ. यात अर्धा मिनिट जातो. तो अर्धा मिनिट दाराने मिळवून द्यायचा, हत्याराने नाही. मागच्या दाराला आतून लोखंडी अडसर आहे का?

दुसरं, घरात चोर दिसला की गोळी झाडता येते, हा गैरसमज आहे. भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. सूर्यास्त ते सूर्योदय घरफोडी कलम ४१ मध्ये येते, हे खरं. पण कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. भिंतीवरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर मी तुमची केस घेणार नाही.

फौजी काका:
रात्री तीनला मला चष्मा सापडायला अर्धा मिनिट लागतो, तिथे दोन किल्ल्या! आमच्या वेळी भिंड-मुरैनात बंदूक खुंटीला टांगलेली असे. १९८३ च्या फेब्रुवारीत फूलन देवीने भिंडला शरणागती दिली तेव्हा मी तिथे गर्दीत होतो. माणसं झाडांवर चढलेली.

इंदूरी_जिरावन:
काका, लायसनसाठी १० झाडं लावून सेल्फी द्यायची अट तुमच्याच ग्वाल्हेरची ना, २०१९ ची? आणि शिवपुरीत २००८ ला नसबंदी करणाऱ्याला लायसनमध्ये प्राधान्य!

मुरारकर:
झाडं मी लावली होती. सात जगली. फाइल तरी भोपाळला दहा महिने पडून होती.

ग्वालियर_टॉपी:
बंदुकीच्या नळीला खोबरेल लावू नये, चिकट होतं. मशीन ऑइल लावा.

वकीलबाई:
कुणी विचारलं होतं?

दौलतगंज_कन्या:
लष्करवाला, एक राहिलं. पहिल्याच पोस्टमध्ये 'दुनाली जिन्यात वळत नाही' म्हणालात. तुम्हाला कसं माहीत? वळवून पाहिलीत?

लष्करवाला:
हो, घरात आहे ना. बाबांची. बारा बोअर, आजोबांपासूनची. बाबा मार्चमध्ये गेले. माळ्यावर त्यांच्याच जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली आहे, काडतुसांच्या बुडाला हिरवं चढलंय. ती नकोय, म्हणून तर नवीन घेतोय.

वकीलबाई:
अहो! ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची होती. लायसन बाबांच्या नावावर होतं ना? ते गेले त्या दिवशीच ते संपलं. आर्म्स ॲक्ट, कलम २१: ताबा कायदेशीर राहिला नाही की हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा लायसनधारी विक्रेत्याकडे जमा करायचं. मार्चपासून तुमच्याकडे विनालायसन बंदूक आहे. कलम २५ मध्ये २ ते ५ वर्षांची शिक्षा आहे, २०१९ च्या दुरुस्तीने वाढवलेली. आणि परवा तुम्ही स्वतःहून कलेक्टोरेटमध्ये जाणार, तिथून तपासाला माणूस घरी येणार!

लष्करवाला:
अरे देवा. पण ती वापरत कोणीच नाही हो. आई तिला हात लावू देत नाही, बाबांची आठवण म्हणून.

वकीलबाई:
आठवण धोतराची ठेवा. उद्या सकाळी बाबांचं लायसनचं पुस्तक, मृत्यूचा दाखला आणि बंदूक घेऊन जा. आधी ठाण्यात फोन करून, मोकळी नळी, काडतुसं वेगळ्या पिशवीत. रिक्षात नाही. काडतुसं मोजून न्या आणि आकडा पावतीवर लिहून घ्या.

फौजी काका:
विकू नका मात्र. वारसाला लायसन मिळतं. वडील असतानाही बदलता आलं असतं, सत्तरी झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षं जवळ असली की. बाबांना कुणी सांगितलं नाही का?

लष्करवाला:
बाबा कुणाचं ऐकत नसत.

मुरारकर:
आणि वारसाची आली तरी ती एक धरूनच मोजतात. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं, आधी तीन होती. म्हणजे रिव्हॉल्व्हर घेता येईल.

वकीलबाई:
आधी जमा करा! मुरारकर, तुमचं दुकान आहे का?

लष्करवाला (बारा दिवसांनी):
जमा केली. विक्रेत्याकडे दिली, पावती मिळाली, अकरा काडतुसं. त्याने नळ्या, दांडा आणि हातधरणीचं लाकूड तीन तुकड्यांत वेगळं केलं, तेव्हा कळलं की बाबांनी मला कधी ती उघडूनच दाखवली नव्हती. मागच्या दाराला लोहाराकडून अडसर बसवला, पेरू छाटला. बायको म्हणते, रिव्हॉल्व्हर माझ्या नावाने घेतलंस तर प्रशिक्षणाला मीच जाणार आणि किल्ली माझ्याच पदराला. फॉर्म अजून दिलेला नाही. वारसासाठी पुण्याच्या भावाची संमती लागेल असं विक्रेता म्हणाला. ती कशी घ्यायची?

वकीलबाई:
साधं हरकत-नाही पत्र, नोटरी करून. आईचंही घ्या. आणि निवडणूक जाहीर झाली की हत्यारं जमा करायचा आदेश निघतो, तेव्हा आठवडेच्या आठवडे कपाट रिकामंच असतं. अडसर चांगला जाड आहे ना?

लष्करवाला:
हो. पण दार ओढल्यावर खाली अर्धा इंच फट राहते.

ग्वालियर_टॉपी:
उंबऱ्याला पट्टी ठोका. आणि त्याला मशीन ऑइल लावू नका.