‘ड्युरेशन’ म्हणजे वेळ, कालावधी की मुदत?

प्रोग्रामिंगवर मराठीत लिहिताना ‘टाइम’ आणि ‘ड्युरेशन’ या दोन्हींसाठी माझ्याकडून ‘वेळ’च लिहिलं जातं. ‘सुरुवातीची वेळ’ आणि ‘लागलेला वेळ’. वाचणाऱ्याचा गोंधळ होईल का?

— उत्तर तुमच्याच उदाहरणात आहे: ‘सुरुवातीची’ आणि ‘लागलेला’. वेळ हा शब्द दोन लिंगांत चालतो आणि लिंगाबरोबर अर्थ बदलतो. ती वेळ म्हणजे घड्याळातला एक बिंदू: निघायची वेळ झाली. तो वेळ म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर: फार वेळ गेला. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पहिलीचा प्रकार (टाइप) डेटटाइम, दुसऱ्याचा टाइमडेल्टा. गणितही तंतोतंत जुळतं. ती वेळ वजा ती वेळ, उत्तर तो वेळ. तिच्यात तो मिळवला की पुन्हा ती. तो अधिक तो, तोच. पण साडेनऊ वाजताची वेळ अधिक सव्वाअकराची वेळ, याला काही अर्थ नाही, आणि पायथनही तिथे टाइपएरर, म्हणजे ‘या प्रकारांवर ही क्रिया चालत नाही’ अशी चूक, देतो. मला हे फार सुंदर वाटतं. फक्त व्हेरिएबलच्या (प्रोग्राममध्ये मूल्य साठवायच्या जागेच्या) नावात लिंग दिसत नाही, तेव्हा तिथे ‘कालावधी’ वापरा.

— कालावधी मान्य, पण एक शब्द पुरणार नाही. जावा भाषेच्या आठव्या आवृत्तीत (२०१४) ड्युरेशन आणि पीरियड वेगळे आहेत. ड्युरेशन सेकंद-नॅनोसेकंदांत, पीरियड वर्षं-महिने-दिवसांत. महिन्याचे सेकंद ठरलेले नसतात; ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी येते, लीप वर्षी २९. पीरियडला ‘मुदत’ म्हणावं. एक महिन्याची मुदत आपण तारखेवरच मोजतो ना?

— इथे मी असहमत. मुदत म्हटलं की ती संपणं आलंच. ‘३१ तारखेपर्यंत मुदत’ यात तर अखेरची ती वेळच आहे. गो या प्रोग्रामिंग भाषेत कामाला वेळेची मर्यादा घालणारी दोन फंक्शनं आहेत: विथटाइमआउटला कालावधी द्यावा लागतो आणि विथडेडलाइनला ठरावीक वेळ. मुदत हा शब्द त्या डेडलाइनसाठी राखून ठेवावा. पीरियडला ‘कॅलेंडरी कालावधी’ म्हटलं तर लांब वाटेल, पण चुकणार नाही.

— संस्कृतात ‘अवधि’ म्हणजेही मुळात सीमाच की!

— हो, पण ‘दोन तासांचा अवधी’ म्हणताना आज ती सीमा कुणाच्या मनात नसते. मुदतीच्या बाबतीत ती अजून असते.