फर्स्ट एमबीबीएस रेमेडियल (मागे पडलेल्यांसाठी जादा शिकवणी): जादा लेक्चर घेऊनही मार्क हलत नाहीत

फिजिओ_शिक्षक:
विषय फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं. १५० पैकी २२ जण पहिल्या इंटर्नलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) थिअरीत ४० टक्क्यांच्या खाली आहेत. रोज दुपारी चार ते पाच या वेळेत एक जादा लेक्चर चालू आहे. मुलं येतात, निमूट लिहून घेतात, पण टेस्टमध्ये मार्क तेवढेच. हाताशी सहा आठवडे आणि दोन शिक्षक. काय बदलावं?

ओएसपीई_मॅडम:
सर, लेक्चर थांबवा. तेच पुन्हा ऐकलं की ओळखीचं वाटतं आणि मुलाचा समज होतो की आता येतंय.

आधी उत्तरपत्रिका समोर ठेवून प्रत्येकाला १५ मिनिटं द्या. सोडून दिलेला प्रश्न तोंडी विचारा, हवं तर मराठीत सांगू द्या. मराठीत नीट सांगितलं तर विषय कळलेला आहे, अडचण इंग्रजीत लिहिण्याची आहे. व्याख्या पाठ आणि पुढचं ‘का’ विचारल्यावर गप्प, तर संकल्पनाच कच्ची. या दोघांना एका गटात बसवून उपयोग नाही.

संकल्पना कच्ची असलेल्यांना कशामुळे काय होतं याची साखळी कागदावर बाणांनी काढायला सांगा. बीपी सावरणारा बॅरोरिसेप्टर रिफ्लेक्स घ्या: माणूस उभा राहिला, व्हीनस रिटर्न (हृदयाकडे परतणारं रक्त) कमी, बीपी कमी, कॅरोटिड सायनसचा (मानेतल्या धमनीतल्या रिसेप्टरच्या जागेचा) ताण कमी, नवव्या नर्व्हमधले इम्पल्स कमी, मग हृदयाचा वेग वाढवणारं सिम्पथेटिक वाढतं, तो कमी करणारा व्हेगस घटतो, हार्ट रेट वाढतो. बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते: बीपी उतरलं की रिसेप्टर ‘जागे होतात’ असं ते धरून चालतात. तिथून पुढचे सगळे बाण उलटे पडतात. चुकलेला बाण सापडला की धडा पुन्हा शिकवावा लागत नाही.

पेपर_तपासनीस:
लिहिण्यात अडणाऱ्यांसाठी: १०० मार्कांना १८० मिनिटं, म्हणजे १० मार्कांच्या एलएक्यूला (दीर्घोत्तरी प्रश्नाला) १८ मिनिटं. ही मुलं पहिल्या एलएक्यूवर ३५ मिनिटं घालवतात आणि शेवटचे एसएक्यू (लघुत्तरी प्रश्न) कोरे राहतात. घड्याळ लावून एकच प्रश्न लिहून घ्या. पहिली २ मिनिटं फक्त मुद्दे आणि आकृती. त्याच दिवशी तपासून परत द्या; आठवड्याने दिलेला पेपर कोणी उघडत नाही.

प्रॅक्टिकलही सोडू नका. विद्यापीठाच्या परीक्षेला बसायला इंटर्नलमध्ये थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळे ४० आणि मिळून ५० टक्के लागतात. प्रॅक्टिकलमध्ये बीपी मोजण्याच्या स्टेशनला पॅल्पेटरी पद्धत (आधी नाडी चाचपून बीपीचा अंदाज घेणं) गाळणं ही नेहमीची चूक. ऑस्कल्टेटरी गॅप (स्टेथोस्कोपमधले आवाज मध्येच काही काळ बंद होणं) असेल तर सिस्टॉलिक, म्हणजे वरचं बीपी, कमी मोजलं जातं, हे कारण कळलं की ती पायरी विसरत नाहीत.

फिजिओ_शिक्षक:
२२ जणांचे गट कसे पाडू? आणि तीन जण येतच नाहीत.

ओएसपीई_मॅडम:
पाच-सहाचे चार गट, प्रत्येक गट आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं. पहिली १० मिनिटं कोऱ्या कागदावर मागच्या वेळचं आठवून लिहिणं, २० मिनिटं एकच यंत्रणा, उरलेली १५ लिखाण. तोच विषय आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी परत विचारा.

न येणाऱ्या तिघांची नावं बोर्डावर लावू नका, कृपा करून. मेंटॉरने एकट्यात भेटून झोप, जेवण, घरची परिस्थिती विचारावी. मन खचलेलं दिसलं तर आधी मानसोपचार विभाग. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही द्या. अशा वेळी बाण आणि एलएक्यू थोडे थांबले तरी चालतील.