प्रति: प्रबंधाचं पुस्तक, श्रीलिपीची फाइल

दासबोधावरचा प्रबंध साताऱ्यातल्या छोट्या प्रकाशनाला देताय आणि श्रीलिपीतली (युनिकोडपूर्व जुन्या मराठी फॉन्टमधली) फाइल युनिकोडमध्ये बदलून तशीच पाठवणार, असं म्हणालात. घाई नको. बदलताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते. 'धर्म'चं 'धमर्' होतं. गद्यात ते डोळ्याला टोचतं, पण ओवीत 'जुना पाठ असेल' म्हणून मुद्रितशोधकही सोडून देतो. तेव्हा उद्धृतं वेगळी काढा. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर ताडायची.

ओव्यांचा संदर्भ पानाने देऊ नका, आवृत्तीगणिक पान बदलतं. दशक, समास, ओवी असा द्या. दशक 20, प्रत्येकात 10 समास, त्यामुळे वाचकाला कुठल्याही प्रतीत सापडतं.

सूची (कुठला शब्द कुठल्या पानावर, ती यादी) अगदी शेवटी करा. तळटीपेत दोन ओळी वाढल्या की पुढची पानं सरकतात आणि सूचीतले आकडे खोटे ठरतात. (हे काम संगणकावर ढकलू नका. 'राम' शोधलंत तर 'आराम' आणि 'विराम'ही येतील.)

फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली पानं) 16 पानी असेल तर मजकूर 16च्या पटीत, समजा 320 पानांत बसवा. 322 झाली की 336 छापावी लागतात, 14 कोरी.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) प्रकाशकच घेईल. पुठ्ठा बांधणी आणि साधी बांधणी, दोन्ही काढणार असाल तर क्रमांक वेगवेगळे. हस्तलिखितांच्या छायाचित्रांची परवानगी मात्र लेखी हवी.