पार्किंगजवळचे कललेले झाड उतरवण्याबाबत

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. पार्किंगच्या कडेचे झाड बुंध्यातून कापून एका दिवसात आडवे करण्याची तयारी एका कंत्राटदाराने दाखवली आहे. आपली मते कृपया कळवावीत.

बी इमारत, तळमजला: सचिवसाहेब, या पद्धतीला माझा स्पष्ट विरोध आहे. झाड ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूने बुंध्याच्या व्यासाच्या साधारण पाव भागाइतकी खोल खाच घेतात, मग मागून काप देतात आणि मधली लाकडाची पट्टी, व्यासाच्या सुमारे १० टक्के जाडीची, मुद्दाम शाबूत ठेवतात. तीच पट्टी बिजागरीसारखी वाकत झाडाला ठरलेल्या दिशेने खाली आणते. आपल्या झाडाच्या बुडाशी अळिंबी उगवली आहे आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, म्हणजे ही पट्टी ज्या लाकडात राखायची तेच कुजलेले असण्याची दाट शक्यता आहे. त्यातच झाड इमारतीकडे कललेले आहे. कललेले खोड मागचा काप पुरा होण्याआधीच उभे चिरून उसळू शकते, आणि तेव्हा कापणाऱ्याला बाजूला होण्याइतकाही वेळ मिळत नाही. झाड पाडताना त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरापर्यंत कोणी नसावे. १५ मीटर उंचीच्या झाडासाठी ३० मीटर मोकळे आवार आपल्याकडे नाही.

सी इमारत, दुसरा मजला: मग माणूस झाडावर चढवून वरून फांद्या उतरवाव्यात का?

बी इमारत, तळमजला: नाही ताई, कुजलेल्या झाडावर माणूस चढवूच नये. कापणाऱ्याने गाडीवरच्या, माणसाला उंच उचलणाऱ्या लिफ्टच्या पाळण्यात पट्टा बांधून उभे राहावे, प्रत्येक तुकडा आधी क्रेनला बांधावा आणि मगच कापावा. ओल्या लाकडाचा एक घनमीटर साधारण एक टन भरतो. ६० सेंटिमीटर व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओंडका म्हणजे जवळपास २८० किलो. क्रेनचा हात जितका लांब पसरतो तितकी तिची उचलण्याची क्षमता घटते, म्हणून तुकड्यांचे वजन आधी काढलेले हवे. यंत्रावर चालणाऱ्या साखळी-करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत झटक्यात तोंडाकडे उसळते, त्यामुळे शिडीवरून, एका हाताने किंवा खांद्याच्या वर करवत चालवू देऊ नये. यात तडजोड नको, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ए इमारत, पहिला मजला: क्रेन उभी करायची त्याच जागेखाली आपली पाण्याची टाकी आहे.

बी इमारत, तळमजला: हे आपण बरे लक्षात आणून दिले. क्रेनचा सगळा भार तिच्या चार पायांवर येतो, टाकीचा स्लॅब तो पेलेल असे धरून चालू नये. क्रेन फाटकाच्या बाजूला घ्यावी लागेल, पण तिथून वीजवाहिनी जाते. तेव्हा त्या दिवशी प्रवाह बंद असल्याचे लेखी मिळाल्याशिवाय काम सुरू करू नये.

सचिव: कंत्राटदाराला नकार कळवतो. नवीन प्रस्तावात लिफ्ट, क्रेनची जागा आणि प्रवाह बंद ठेवण्याची वेळ लिहून मागतो. कामाच्या आदल्या रात्रीच सर्व वाहने बाहेर काढावीत.