युद्धकाळातही छळावर निरपवाद बंदी असावी का?

प्रश्न : धरमपेठवाली

मी नागपुरात विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेत या बंदीच्या बाजूने बोलले आणि हरले. प्रतिपक्षाने एकच उदाहरण दिले: शहरात बॉम्ब पेरलेला आहे, तो कोठे आहे हे पकडलेल्या माणसाला ठाऊक आहे, आणि हाती तासभरच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी कराराचे दुसरे कलम युद्ध, युद्धाचा धोका किंवा आणीबाणी यांपैकी कोणतीही सबब मान्य करत नाही, हे मी सांगितले. परंतु "कलम वाचून माणसे वाचत नाहीत" या उत्तरावर सभागृहात टाळ्या पडल्या. माझे नेमके काय चुकले?

उत्तर : कामठीचा निवृत्त सुभेदार

ताई, तुमचे काही चुकले नाही. टाळ्या त्या उदाहरणाला पडल्या. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच जवानांचे मृतदेह पाकिस्तानच्या कैदेतून परत आले, तेव्हा त्यांच्यावरील खुणा ऐकून आमच्या तुकडीत जी चीड उसळली होती ती मी विसरलेलो नाही, आणि त्या रात्री मला कोणी विचारले असते तर मीही अपवाद मागितला असता. तरीही युद्धकैद्यांवर सूड उगवण्यास जिनिव्हाच्या तिसऱ्या कराराने मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. कैद्याला स्वतःचे नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक असते. त्यापुढे तो गप्प राहिला तर त्याला धमकावताही येत नाही. यामागे निव्वळ दयाबुद्धी आहे असे समजू नका. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात झालेल्या शरणागतीच्या दस्तऐवजात जिनिव्हा करारानुसार सन्मानाने वागवण्याची हमी लिहिलेली आहे. शरण गेल्यावर हालहाल होणार अशी खात्री असलेला सैनिक शेवटच्या गोळीपर्यंत लढतो, आणि त्या गोळ्या आमच्याच पोरांना लागतात.

उत्तर : महालातला वाचक

सुभेदार साहेबांचा आदर राखून लिहितो. गणवेशातला शत्रू वेगळा आणि बाजारात स्फोटके ठेवणारा वेगळा. बंदी कितीही कडक लिहिली तरी चौकशीच्या खोलीत काय चालते हे सगळ्यांना माहीत आहे. मग न्यायाधीशाच्या लेखी परवानगीने, क्वचित प्रसंगी, जबाबदारी निश्चित करून ती मुभा दिली तर निदान ढोंग तरी संपेल.

उत्तर : सिव्हिल लाइन्सचा वकील

परवानगीचा अर्ज डोळ्यांसमोर आणून पाहा. त्यात काय लिहिणार? हाच तो माणूस, त्याला ठिकाण माहीत आहे, तो खरेच सांगेल आणि वेळेत सांगेल. या चारही गोष्टी सिद्ध करता येण्याइतका पुरावा हाती असेल, तर बहुधा ठिकाणही हाती असेल. प्रत्यक्षात अर्ज संशयावर होईल, आणि संशय तर प्रत्येक कैद्यावर असतोच.

मारामुळे माणूस बोलतो, हे खरे. पण समोरच्याला हवे ते बोलतो. इब्न अल-शेख अल-लीबी या पकडलेल्या दहशतवादी संशयिताने इजिप्तमधील कोठडीत इराक आणि अल-कायदा यांचा संबंध सांगितला, अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत त्याचा आधार घेतला, आणि पुढे त्याने ते विधान मागे घेतले. तोवर युद्ध सुरू झाले होते.

ताईंनी प्रतिपक्षाला फ्रँकफुर्टचा खटला सांगायला हवा होता. २००२ मध्ये एका अपहृत मुलाचा ठावठिकाणा काढण्यासाठी तेथील पोलीस उपप्रमुखाने आरोपीला यातना देण्याची धमकी द्यायला लावली; आरोपी बोलला, पण मुलगा आधीच मारला गेला होता. न्यायालयाने २००४ मध्ये त्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले, मात्र परिस्थिती पाहून ताकीद दिली आणि दंड राखून ठेवला. माझ्या मते उत्तर येथेच आहे: कायद्याने आधी मुभा देऊ नये; कोणी मर्यादा ओलांडलीच तर त्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून कारण सांगावे, आणि शिक्षा किती हे न्यायालयाने ठरवावे.

राहिला ढोंगाचा मुद्दा. तो मला मान्य आहे, पण त्यावरचा उपाय उलट्या दिशेचा आहे. भारताने छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण तो अद्याप अनुसमर्थित केलेला नाही, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. २०१० मध्ये लोकसभेने संमत केलेले छळ प्रतिबंधक विधेयकही पुढे बारगळले. कबुलीसाठी मारहाण करणे हा आपल्याकडे फार जुना गुन्हा आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये आहे. परंतु कोठडीतल्या मारहाणीला साक्षीदार कोण, हा प्रश्न कलमाने सुटत नाही.

धरमपेठवाली

सर्वांचे आभार. वकील साहेब, एक शंका राहते. पोलिसांपुढील कबुली पुराव्यात चालत नाही, पण त्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. मग मारून वस्तू काढण्याचा मोह कायद्यानेच शिल्लक ठेवला आहे, असे नाही का?

सिव्हिल लाइन्सचा वकील

ठेवला आहे. पंचनाम्यातले पंच उलटतपासणीत काय सांगतात ते ऐकायला एखाद्या दिवशी सत्र न्यायालयात येऊन बसा.