मदत हवी आहे : नियामक संस्थेला मुदत घालणारं कलम

एलएलएमच्या प्रबंधासाठी विचारतोय, पुण्यात असतो. टेक्सासमध्ये १९७७ पासून सनसेट कायदा आहे. साधारण दर १२ वर्षांनी संस्थेची झाडाझडती होते; विधिमंडळाने मुदत वाढवली नाही, तर संस्था आपोआप बंद.

आपल्याकडे 'टाडा', 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्यांना मुदत होती, पण ते कायदे, संस्था नव्हेत. विदर्भ, मराठवाडा वगैरे विभागांसाठीच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मात्र ती नियामक नव्हती आणि मुदतवाढही आदेशानेच मिळायची. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाचा, २०१६ चा मूळ कायदा पेन्सिल घेऊन शेवटच्या कलमापर्यंत वाचला. व्यर्थ! लोकलेखा समिती कृपया सुचवू नका, ती हिशेब बघते.

महाराष्ट्राच्या कुठल्या कायद्यात नियामक संस्था ठेवायची की गुंडाळायची, हे विधिमंडळाने ठरावीक वर्षांनी ठरवायचं कलम आहे का?