सहा आठवड्यांना रिलीज? आधी एक दिवस मार्केट यार्डात येऊन बसा

मार्केटयार्डवाला: आपल्या अडत-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या, म्हणजे रिलीज, कधी काढायच्या याबद्दल उद्यमनगरकरांनी काल लिहिलं, "सहा आठवड्यांना रिलीज नसेल तर प्रोजेक्ट मेला समजा." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

फायरफॉक्स ब्राउझर २०११ पासून सहा आठवड्यांवर गेलं, २०२० पासून चारवर. पण कचेऱ्या आणि शाळांसाठी त्यांनाच वर्षभर टिकणारी वेगळी आवृत्ती, ईएसआर, ठेवावी लागली. ती का, याचा विचार केलाय?

दिवाळी पाडव्याला गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त. आदल्या रात्री आमच्या पोरानं अपडेट मारलं. सकाळी शेतकऱ्यांच्या पट्टीवर, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदावर, हमाली आणि तोलाईचे रकाने उलटे! गुळाचे रवे उतरून पडलेले, हमाल खोळंबलेले, आणि मी दुपारपर्यंत हातानं पट्ट्या लिहितोय. एका म्हाताऱ्यानं तोंडावर विचारलं, "काटा मारालाय व्हय?" तीस वर्षांचं नाव आहे हो आमचं. रिलीज वर्षातनं एकच काढा, जूनमध्ये, गुऱ्हाळं बंद असताना.

उद्यमनगरकर: काका, वाईट वाटलं. पण मुहूर्ताच्या आदल्या रात्री अपडेट कुणी मारलं? रिलीज निघाली म्हणून लगेच बसवायचीच असं कुठाय?

मी फौंड्रीत वाढलोय. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, निघालं तर त्या हीटचा, म्हणजे भट्टीच्या त्या एका खेपेचा, माल बाजूला काढतो, वर्षाचा नाही. सहा आठवड्यांचे बदल दोन संध्याकाळी वाचून होतात. वर्षाचे साठले की चूक कुठं शिरली ते शोधण्यातच महिना जातो. आणि "सगळं तयार झालं की काढू" म्हटलं की काय होतं ते डेबियन या लिनक्सनं दाखवलंय. त्यांची वूडी आवृत्ती जुलै २००२ ला आली, पुढची सार्ज थेट जून २००५ ला. मधल्या काळात २००४ मध्ये उबुंटू या दुसऱ्या लिनक्सनं दर सहा महिन्यांचं वेळापत्रक लावलं आणि लोक तिकडं वळले.

कागलची भाषांतरकार: तुम्ही दोघं भांडताय, पण मराठी मजकूर कोण करतं? मी एकटी, पोरं झोपल्यावर. सहा आठवड्यांत स्ट्रिंग फ्रीझला, म्हणजे मूळ मजकूर गोठवल्यावर भाषांतराला, चार दिवस मिळतात. मागच्या खेपेला फ्रीझनंतर कुणीतरी 'पट्टी' काढून 'देयक' घातलं. मला विचारलंसुद्धा नाही.

राजारामपुरी: ते मी केलं. पट्टी म्हटलं की लोकांना घरपट्टी आठवते. देयक हा प्रमाण शब्द आहे.

मार्केटयार्डवाला: कुणाला आठवते? यार्डात या आणि शेतकऱ्याला "देयक घ्या" म्हणा. बापजाद्यांपासून पट्टीच म्हणतोय आम्ही.

राजारामपुरी: उद्या सोलापूर, नाशिकनं वापरलं तर?

कागलची भाषांतरकार: तिथल्या बाजारातबी पट्टीच म्हणतात, दादा! कांद्याची पट्टी कधी ऐकली नाही? ज्याच्या हातात तो कागद पडतो त्याला विचारा की. दीड वर्षात सातशे ओळी मी माझ्या आईला वाचून दाखवून केल्यात. ती गुऱ्हाळावर राबलेली आहे. तुम्ही एका रात्रीत बदललं.

राजारामपुरी: ठीक आहे, पट्टी परत घालतो. न विचारता बदललं ही माझी चूक. शब्दाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

उद्यमनगरकर: मूळ मुद्द्यावर येऊया का?

मार्केटयार्डवाला: हीटचं पटलं. जड जातंय, पण पटलं. मग छोट्या रिलीज तुमच्यासाठी काढा, आणि जूनची एक वर्षभर सांभाळा. तिच्यात फक्त दुरुस्त्या, रकाना हलवायचा नाही.

उद्यमनगरकर: सांभाळणार कोण? पोस्टग्रेस हा डेटाबेस वर्षाला एक मोठी आवृत्ती काढतं आणि प्रत्येक पाच वर्षं सांभाळतं, कारण त्यांच्याकडं तेवढी माणसं आहेत. आपण कोड लिहिणारे दोघं. प्रत्येक दुरुस्ती जुन्या शाखेत, म्हणजे सांभाळलेल्या जुन्या आवृत्तीत, पुन्हा बसवायची (बॅकपोर्ट) म्हणजे माझा रविवार गेला.

मार्केटयार्डवाला: पोराला पाठवतो. चाचणी तो करेल, खऱ्या पट्ट्यांवर, नावं झाकून.

उद्यमनगरकर: मग एकच जुनी शाखा, एकच वर्ष. दोन नाही. आणि सुरक्षेची दुरुस्ती सौदे चालू असले तरी त्याच दिवशी बसवायची, हे कबूल करा.

मार्केटयार्डवाला: त्याच दिवशी, पण सौदे उठल्यावर.

कागलची भाषांतरकार: आणि १ मेला स्ट्रिंग फ्रीझ. त्यानंतर एक शब्द जरी हलला तरी मी भाषांतर सोडणार, हे आत्ताच सांगून ठेवते.